पत्र्यावरचा पाऊस

गेल्या हिवाळ्यात म्हात्रे पुलाजवळच्या डी. पी. रस्त्यावरच्या एका लॉनवर लग्नाच्या स्वागत समारंभाला गेलो होतो. हल्ली अशा समारंभात नवरा-नवरीपर्यंत पोचायला अर्धा-पाऊण तास रांग लावावी लागते, आणि तोवर पाहुण्यांनी कंटाळू नये म्हणून यजमान सरबतांचे एक दालन मांडून ठेवतात. तिथे बांबूची कमान होती, झावळ्या होत्या, अननसाच्या फोडी अडकवलेले उंच पेले होते. पेल्यातले पेय निळे, नारिंगी, हिरवे, म्हणाल त्या रंगाचे. आणि प्रत्येकात काडीवर उभी केलेली एक इवलीशी कागदी छत्री. माझ्या सात वर्षांच्या नातीने ती छत्री उघडून-मिटून पाहिली आणि मला विचारले, की सरबताला छत्री कशाला? आत पाऊस पडतो का?

आजोबांनी उत्तर द्यायलाच हवे असा नातवंडांचा समज असतो. मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. नारळाच्या झाडापासून शेकडो मैल दूर बसून नारळाच्या झाडाखाली बसल्याचा आव आणायची ही कल्पना मुळात कोणाची, याचा शोध घेत गेलो तेव्हा एका विलक्षण माणसाशी येऊन थांबलो. आणि गंमत अशी, की या माणसाने खरोखरच पेल्यांवर पाऊस पाडला होता.

त्याचे जन्मनाव अर्नेस्ट रेमंड बोमाँट गँट. जन्म २२ फेब्रुवारी १९०७ चा. जन्मगाव कोणते, इथूनच वादाला सुरुवात होते. काही जण न्यू ऑर्लिन्स सांगतात, काही टेक्सासकडे बोट दाखवतात. गँटच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचे असेच आहे. तो उत्तम गोष्टीवेल्हाळ होता आणि स्वतःची गोष्ट सांगताना हात आखडता घेण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान रंगवताना थोडी भर घालतात, ती आपण चालवून घेतो. तेवढी सवलत त्यालाही द्यावी.

एवढे मात्र नक्की, की विशीच्या आत-बाहेर असताना तो घराबाहेर पडला आणि कॅरिबियन बेटे, दक्षिण प्रशांत महासागरातली बेटे अशी भटकंती करून आला. परतला तो लॉस एंजेलिसला. खिसा रिकामा होता, सोबत होते ते बेटांवरून गोळा केलेले सामान: जाळी, शिंपले, लाकडी मुखवटे, फुटक्या होड्यांचे तुकडे. मंदीचे दिवस होते. मिळेल ते काम करावे, आणि हॉलिवूडच्या चित्रपटवाल्यांना समुद्री देखाव्यासाठी सामान लागले तर आपले भाड्याने द्यावे, असे त्याचे चालले होते. किनाऱ्यावर वाहून आलेले वेचत, त्यावरच गुजराण करत हिंडणाऱ्या माणसाला इंग्रजीत बीचकोंबर म्हणतात. गँट हा असा वेचणारा माणूस होता, आणि पुढे तेच त्याचे नाव झाले.

१९२० पासून अमेरिकेत दारूबंदी होती. ती डिसेंबर १९३३ मध्ये उठली. आणि उठली त्याच सुमारास हॉलिवूड बुलेव्हार्डपासून हाकेच्या अंतरावर, मॅकॅडन प्लेस नावाच्या गल्लीत, गँटने एक लहानसा गाळा घेऊन बार उघडला. जेमतेम दोन-अडीच डझन माणसे बसतील एवढीच जागा. दारावर पाटी: ‘डॉन्स बीचकोंबर’. इथे मला सांगितले पाहिजे, की मी त्या वाटेला न गेलेला माणूस आहे आणि या लेखातून कोणाला त्या वाटेला लावण्याचा माझा इरादा नाही. पण त्याने काय केले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात धंद्याची पक्की समज होती.

व्हिस्की चांगली व्हायची तर ती पिंपात वर्षानुवर्षे मुरावी लागते. तेरा वर्षांच्या बंदीनंतर अमेरिकेत मुरलेली व्हिस्की आणायची कुठून? उलट कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळीपासून केलेली रम पडून होती, स्वस्त होती आणि तिला कोणी विचारत नव्हते. खलाशांचे पेय म्हणून तिची प्रतिष्ठाही बेताची. गँटने नेमकी ती उचलली. एका पेल्यात एक नव्हे, दोन-तीन वेगवेगळ्या बेटांच्या रम तो एकत्र करी आणि त्यात लिंबू, द्राक्षफळाचा रस, मध, मसाल्यांचे पाक घाली. सगळ्या फोडणीला एकच मोहरी न वापरता हिंग, मेथी, कढीपत्ता यांचा मेळ घालणाऱ्या सुगरणीचे जे तर्कशास्त्र, तेच त्याचे होते.

याचे मूळ शोधत गेले तर ते आपल्या दारातच येते. आंबट, गोड, कडक, पातळ आणि मसाल्याचे, असे पाच जिन्नस एकत्र केलेल्या पेयाला इंग्रज ‘पंच’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या पाचावरूनच गेला असे बहुतेक कोशकार मानतात. डॉ. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक वैद्य १६७० च्या दशकात या किनाऱ्यावर होता. शिवकालाच्या अभ्यासकांना तो ठाऊक आहे. १६७५ मध्ये तो घाट चढून आपल्या जुन्नरलाही येऊन गेला होता. गोव्यातल्या नेरुळची अरक चांगली असते, तिच्यापासून इंग्रज लोक पाच जिनसांचे हे पेय करतात आणि ते माणसाला खिळखिळे करते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. तिथून ती तऱ्हा जहाजांबरोबर कॅरिबियन मळ्यांत गेली, आणि अडीचशे वर्षांनी गँटने ती हॉलिवूडच्या गल्लीत नव्याने मांडली.

पण पेयापेक्षा मला त्याच्या जागेचे जास्त कौतुक वाटते. बाहेर रणरणते ऊन आणि मोटारींचा गोंगाट. आत पाऊल टाकावे तो अंधार, बांबू, वेताच्या चटया, टांगलेले दिवे, शिंपले, जाळी. वेळ किती झाली हे कळू नये अशी योजना. आणि छप्पर पत्र्याचे. त्या पत्र्यावर त्याने पाण्याची नळी बसवून घेतली होती. गिऱ्हाईक उठायच्या बेतात दिसले, की नळी सोडायची. पत्र्यावर थेंब ताडताड वाजू लागले, की माणूस म्हणणार, आता एवढ्या पावसात कुठे जायचे, अजून थोडे बसू. लॉस एंजेलिसला पाऊस तो केवढासा! पण आत बसलेल्याला शंका यायची नाही. पत्र्याच्या घरात पावसाळे काढलेल्या आपल्या कोकणातल्या माणसाला त्या आवाजाचे मोल वेगळे सांगायला नको. दोन घटका तिथून हलू नये असे वाटणे, एवढेच गँटला विकायचे होते, बाकीचे निमित्त.

चार्ली चॅप्लिन, मार्लेन डीट्रिश अशी बडी मंडळी तिथे येऊ लागली. नेहमीच्या नामांकित गिऱ्हाइकांच्या चॉपस्टिक त्यांच्या नावानिशी वेगळ्या जपून ठेवलेल्या असत. १९३७ मध्ये रस्त्याच्या पलीकडे मोठी जागा घेतली आणि नाव झाले ‘डॉन द बीचकोंबर’. लोक त्यालाच त्या नावाने हाक मारू लागले, तेव्हा त्याने पुढे कायदेशीर नावही बदलून घेतले आणि शेवटी तो डॉन बीच झाला. (आपल्याकडे डॉन म्हटले की अमिताभ आठवतो. या डॉनच्या मागे अकरा मुलुखांचे पोलीस नव्हते. वकील मात्र होते, ते पुढे येतीलच.)

त्याच्या काही सवयी तर मला थेट आपल्या पेठांतल्या वाटतात. ‘झाँबी’ नावाचे त्याचे एक प्रसिद्ध पेय १९३४ पासूनचे. एका गिऱ्हाइकाला ते दोनच मिळणार, तिसरे मागू नये, असा नियम. नियमाने मागणी घटली नाही, उलट वाढली. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांना हे गणित आधीपासून ठाऊक आहे. दुसरी सवय गुप्ततेची. चांगले कर्मचारी जास्त पगारावर दुसरीकडे जातात आणि जाताना कृतीही घेऊन जातात, हा उपाहारगृहांच्या धंद्यातला जगभरचा अनुभव. त्यावर त्याने उपाय काढला. मुख्य मिश्रणे तो वेगळी तयार करी आणि बाटल्यांवर जिनसांची नावे न घालता फक्त आकडे घाली. पेय बनवणाऱ्याला ‘मसाला क्रमांक चार’ एवढा घालायचा एवढेच ठाऊक. बाटलीत काय आहे ते नाही. माणूस फोडता येई, कृती फुटत नसे.

या पेय बनवणाऱ्यांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. त्यांत बरेच जण फिलिपाइन्सहून आलेले तरुण होते. पडद्यामागे राहून तेच सगळे करत. समोर मिरवणारा डॉन. त्यांच्यातला एक रे ब्युहेन. पहिल्या वर्षांपासून गँटबरोबर होता, पुढे १९६१ मध्ये त्याने लॉस एंजेलिसमध्येच ‘टिकी-टी’ नावाची चिमुकली स्वतःची जागा काढली आणि ती त्याच्या घरच्यांनी पुढे चालवली. तिथल्या स्वयंपाकाचीही तीच कथा. दक्षिण समुद्रातल्या बेटांचे म्हणून जे वाढले जाई ते बहुतेक कँटनी चिनी जेवण होते, चिनी आचाऱ्यांनी केलेले. पाहुण्याला हवी असलेली दूरदेशीची चव आणि आचाऱ्याला येत असलेला स्वयंपाक, यांची सोयरीक गँटने जुळवून दिली. पंजाबी म्हणून आपण आपल्या हॉटेलांतून जे खातो त्यातले किती पंजाबातल्या घरात शिजते, असे विचारले तर आपलीही पंचाईत होईल.

आता खरी गोष्ट.

मिनेसोटा राज्यातून आलेली कोरा आयरीन संड, घरगुती नाव सनी, ही डॉनची आधी सहकारी आणि मग १९३७ पासून पत्नी. डॉनला कल्पना सुचत. हिशेब त्याला सुचत नसे. सनीला हिशेब येत असे. एका जागेपुरता हा प्रकार ठेवण्यात अर्थ नाही, त्याच्या शाखा झाल्या पाहिजेत, हे तिने ओळखले आणि १९४० मध्ये शिकागोची शाखा उघडली. त्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला.

संसार संपला तरी धंदा दोघांत राहिला, पण कसा? कारभार सनीच्या हाती. डॉन सल्लागार म्हणून राहणार, त्याचे नाव पाटीवर राहणार. मात्र अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याला स्वतःला ‘डॉन द बीचकोंबर’ या नावाने जागा उघडता येणार नाही. म्हणजे बघा, नाव माणसाचे, चेहरा माणसाचा, कृती माणसाच्या, आणि त्या नावाची पाटी लावायची बंदी त्याच माणसाला.

हे वाचले तेव्हा मला माझा मामा आठवला. पेठेत भागीदारीत त्याचे एक लहान उपाहारगृह होते. पाटीवर आमच्या आजीचे नाव. मी शाळकरी असताना भागीदारी मोडली. परवाना दुसऱ्याच्या नावावर, जागा दुसऱ्याच्या नावावर. पाटी तिथेच राहिली. मामाने स्टेशनच्या बाजूला दुसरे काही सुरू केले, तेही बरे चालले. पण त्या रस्त्याने जाताना तो पलीकडच्या पदपथावरून जाई. कधी कधी मला पैसे देऊन तिथे मिसळ खायला पाठवी आणि आलो की विचारी, रस्सा तोच आहे का? मी तोच आहे म्हणालो तरी त्याला वाईट वाटे आणि नाही म्हणालो तरी वाईट वाटे. म्हणून मी पुढे पुढे कळले नाही असे सांगू लागलो.

तरीही सनीला खलनायिका करणे मला पटत नाही. डॉनवर लिहिणारे बरेच जण तिला दोन ओळींत उरकतात. मला वाटते, ती नसती तर मॅकॅडन प्लेसची ती जागा दहा-बारा वर्षे गाजून, पैशांच्या गोंधळात केव्हा तरी बंद पडली असती आणि आज आपल्याला तिचे नावही ठाऊक नसते. आपल्याकडे ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी अभिमानाने लावतात. डॉन मनाने त्या पाटीचा माणूस होता. शाखा काढणारी ती होती, आणि जग ज्याला ओळखते ते शाखांमुळेच.

दुसरे महायुद्ध आले तसा डॉन सैन्याच्या हवाई दलात दाखल झाला. समुद्रमार्गे जाताना त्याच्या जहाजावर हल्ला झाला, तो जखमी झाला. बरा झाल्यावर वरिष्ठांनी त्याचा अचूक उपयोग केला. बॉम्बफेकीच्या मोहिमा करून थकलेल्या, भेदरलेल्या वैमानिकांना चार दिवस विसावा मिळावा म्हणून इटलीत आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर हॉटेले ताब्यात घेऊन विश्रांतीस्थाने चालवायची, हे काम त्याला मिळाले. काप्री, व्हेनिस, कान अशा ठिकाणी त्याने ती चालवली. जनरल डूलिटल यांचे नाव या कामामागे घेतले जाते. त्याला पर्पल हार्ट आणि ब्राँझ स्टार ही पदके मिळाली. माणसाला दोन घटका जगाचा विसर पाडायची त्याची जी हातोटी होती, तिचे मला सर्वांत पटणारे रूप हेच. हॉलिवूडमध्ये त्याने नटनट्यांना बसवून ठेवले; इथे परवा कदाचित परत न येणाऱ्या मुलांना.

युद्ध संपवून तो परतला तेव्हा सनीने धंदा पुष्कळ वाढवला होता. ऐन बहरात ‘डॉन द बीचकोंबर’च्या सोळा शाखा होत्या. त्यांतली एकही त्याची नव्हती. करार तपासल्यावर एक फट सापडली. मुख्य भूमीवर बंदी होती. हवाई बेटे तेव्हा अमेरिकेचा नुसता प्रदेश होती, राज्य झाली ती १९५९ मध्ये. डॉनने बोचके उचलले आणि तो होनोलुलुला गेला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस वाइकीकीच्या किनाऱ्यावर त्याचे स्वतःचे ‘डॉन द बीचकोंबर’ उभे राहिले. म्हणजे बेटांचे सोंग आणून ज्याने शहरात धंदा केला, त्याच्यावर खऱ्याखुऱ्या बेटावर जाऊन तेच सोंग मांडायची वेळ आली! आणि ते तिथेही चालले. खरा समुद्र शंभर पावलांवर असताना लोक त्याचा समुद्र पाहायला आत येत.

एक साळुंकी त्याने पाळली होती आणि तिला आल्या-गेल्याकडे बिअर मागायला शिकवले होते, असे सांगतात. हवाईत साळुंकी कुठून आली? आपल्याकडूनच. विल्यम हिलब्रँड नावाच्या डॉक्टराने १८६५ मध्ये पिकांवरच्या अळ्या खायला म्हणून भारतातून साळुंक्या तिकडे नेल्या होत्या. आणि डॉनने जिथे आपला मोठा डाव मांडला ते झाडही आपलेच: वड. वाइकीकीच्या मध्यावर एक प्रचंड भारतीय वड होता. १९५० च्या दशकात त्या वडाभोवती डॉनने ‘इंटरनॅशनल मार्केट प्लेस’ ही बाजारपेठ उभी करण्यात पुढाकार घेतला. १९५७ मध्ये ती सुरू झाली. वडाच्या फांद्यांत त्याने एक घर बांधून घेतले. एकदा ते त्याचे कार्यालय होते, एकदा एकच टेबल असलेले, दोघांपुरते रेस्टॉरंट, एकदा तिथून रेडिओचा कार्यक्रम होई. पारावर बसून गावगाडा हाकणाऱ्या पाटलासारखा तो त्या वडावरून आपल्या बाजाराकडे बघत असे.

तिकडे मुख्य भूमीवर त्याच्या कल्पनेला तोवर पूर आला होता. पहिला आणि सर्वांत यशस्वी अनुकरण करणारा व्हिक्टर बर्जरॉन. लहानपणी क्षयाने एक पाय गेलेला हा सॅन फ्रान्सिस्कोचा मुलगा १९३४ मध्ये ओकलंडला एक साधी खानावळ काढून बसला होता. १९३७ मध्ये तो डॉनची जागा पाहून आला आणि परतल्यावर त्याने आपल्या जागेचा कायापालट करून टाकला. नाव दिले ‘ट्रेडर व्हिक्स’. व्हिकला हिशेब येत होता आणि मोठ्या हॉटेल कंपन्यांशी जमवून घेणेही. त्याची साखळी लंडन-टोकियोपर्यंत गेली. ‘माय ताय’ नावाचे पेय कोणी शोधले यावरून डॉन आणि व्हिक आयुष्यभर भांडले. व्हिक म्हणे १९४४ मध्ये मी. डॉन म्हणे, माझ्याच एका जुन्या पेयाची ती नक्कल. पुण्यात मूळ दुकान कोणते आणि अस्सल कोणते यावरून भावाभावांत चाललेले वाद ज्यांनी पाहिलेत, त्यांनी या वादात न पडणेच बरे. लोकांच्या तोंडी नाव व्हिकचे राहिले.

या भरतीला काळही अनुकूल होता. प्रशांत महासागरातल्या बेटांवर लढून आलेले लाखो सैनिक. जेम्स मिचनरचे कथापुस्तक आणि त्यावरचे ‘साउथ पॅसिफिक’ हे संगीत नाटक. १९४७ मधली थोर हायरडालची ‘कोन-टिकी’ तराफ्यावरची सफर. मग हवाईपर्यंत जाणारी जेट विमाने. गावोगाव बांबूची, झावळ्यांची, लाकडी मूर्तींची रेस्टॉरंटे झाली. त्याची एक लाट मुंबईपर्यंत आली. ओबेरॉय टॉवर्समध्ये ‘आउटरिगर’ नावाचे असे पॉलिनेशियन थाटाचे रेस्टॉरंट होते.

या साऱ्यात एक खटकणारी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. ज्या बेटांची ही नक्कल, तिथल्या माणसांना कोणी विचारले नव्हते. टिकी म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या, देवतांच्या प्रतिमा. त्यांचे मुखवटे करून पेले विकले गेले. आपल्या म्हसोबाच्या किंवा खंडोबाच्या टाकाच्या आकाराचा पेला कोणी परदेशात काढला तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार करून पाहावा. हवाईची राणी १८९३ मध्ये पदच्युत झाली होती. आणि ज्या वर्षांत अमेरिकेत ही बेटांची हौस शिगेला होती, त्याच वर्षांत, १९४६ ते १९५८, बिकिनी आणि एनेवेटॉक इथे अणुबॉम्बच्या चाचण्या चालू होत्या आणि बेटवाल्यांना घरे सोडावी लागली होती. डॉनची पहिली जागा भटक्याच्या सामानाची होती, मूर्तींचा बाजार पुढे इतरांनी मांडला, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण वाट त्यानेच दाखवली होती.

ओहोटी साठच्या दशकाच्या शेवटी लागली. नव्या पिढीला आईबापांची ही हौस हास्यास्पद वाटू लागली. ताज्या लिंबाच्या जागी डबाबंद रस आले, बांबूच्या जागी प्लॅस्टिक. कृती आकड्यांत कुलूपबंद असल्यामुळे नक्कल करणाऱ्यांनी अंदाजाने साखर आणि रंग ओतले, आणि लोकांना वाटले, मूळचे हेच असावे. गुप्ततेने डॉनचे रक्षण केले खरे, पण त्याच्या कामाची अब्रूही तिनेच घालवली. ‘डॉन द बीचकोंबर’ची मालकी या हातातून त्या हातात गेली, शाखा एकेक करून मिटल्या. हॉलिवूडची मूळ जागा १९८५ मध्ये बंद झाली. डॉन बीच ७ जून १९८९ रोजी होनोलुलुत वारला, ब्याऐंशी वर्षांचा होऊन. त्याला तिथल्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत जागा मिळाली.

आकड्यांचे कुलूप त्याच्यानंतर उघडले. जेफ बेरी नावाच्या संशोधकाला डॉनच्या एका जुन्या फिलिपिनो कर्मचाऱ्याची १९३७ ची खिशातली वही मिळाली. वहीतही आकडेच होते. म्हाताऱ्या कामगारांना, पाक पुरवणाऱ्या लोकांना विचारत विचारत बेरी वर्षानुवर्षे फिरला आणि २००७ मध्ये त्याने ते छापले. गाजलेला ‘मसाला क्रमांक चार’ म्हणजे काय निघाले? दालचिनीचा पाक. आपल्या कोणत्याही स्वयंपाकघरात अर्ध्या तासात होईल असा. त्यानंतर अमेरिकेत पुन्हा ताज्या रसांच्या, जुन्या कृतींच्या जागा निघू लागल्या.

राहिली नातीची छत्री. ती डॉनची नव्हेच. तिचे श्रेय बहुधा होनोलुलुच्या एका बड्या हॉटेलातल्या हॅरी यी या पेय बनवणाऱ्याला देतात, १९५९ च्या सुमाराचे. नातीला मी तसे सांगितले. तिला हॅरीत काही रस वाटला नाही, पण पत्र्यावर नळी सोडणाऱ्या माणसाची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली.

२०१८ मध्ये मुलीकडे गेलो होतो तेव्हा आम्ही होनोलुलुला चार दिवस राहिलो होतो. डॉन बीच हे नाव तेव्हा मला ठाऊकही नव्हते. त्याचा तो जुना बाजार पाडून २०१६ मध्ये तिथे चकचकीत दुकानांची नवी इमारत झाली आहे, पण वड राखला आहे. काचेच्या दुकानांच्या मधोमध तो पारंब्या सोडून उभा. संध्याकाळची वेळ होती, झाडावर साळुंक्यांचा असा कलकलाट, की शेजारचे बोलणे ऐकू येईना. माझी पत्नी चपला काढून वडाजवळ गेली, हात जोडले, आणि पर्स उघडून काहीतरी शोधू लागली. दोरा शोधते आहे हे मला उशिरा कळले. जून महिना होता.